लावा उलगडून सांगतो, खाली काय गाडलं गेलं होतं

धुळ्याहून नंदुरबारकडे जाताना शेताशिवारातून काळ्या दगडाच्या लांबच लांब सरळ टेकड्या गेलेल्या दिसतात, त्या म्हणजे डाईक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली, त्या भेगांमधून लावा वर आला आणि काही तिथेच थिजला. आपली काळी कसदार जमीन याच लाव्याची झीज होऊन झालीय. पण तो वितळलेला माल मुळात कसला होता?

समुद्राचा तळ वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो आणि काही ठिकाणी दुसऱ्या प्लेटखाली (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याखाली) घुसून आत जातो, सोबत गाळही घेऊन. त्यातलं काही परत वर येतं का, हे आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, सांगतात. काड्यांवर भाजलेल्या वांग्याची साल काढली, भरीत घोटलं तरी धुराचा वास राहतोच ना, तसंच दगड वितळला तरी जड मूलद्रव्यांच्या आयसोटोपचं प्रमाण जवळपास तसंच राहतं.

मला सगळ्यात भारी पुरावा वाटतो तो बेरिलियम-10 चा. हा वातावरणात कॉस्मिक (अवकाशातून येणाऱ्या) किरणांमुळे बनतो, पावसाबरोबर समुद्राच्या गाळात उतरतो आणि त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू नष्ट व्हायला लागणारा काळ) फक्त 14 लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या पोटात तो मुळातला असणं शक्यच नाही. तरी निकाराग्वा आणि अल्युशियन बेटांच्या ज्वालामुखींच्या ताज्या लाव्यात तो सापडला! म्हणजे वरचा गाळ शंभरेक किलोमीटर खाली जाऊन काही दशलक्ष वर्षांतच परत वर आला.

जुन्या मालासाठी दुसरी खूण. पॅसिफिकमधल्या मंगाया बेटाच्या लाव्यात गंधकाच्या आयसोटोपचं एक विचित्र प्रमाण मिळालं (2013 मध्ये प्रसिद्ध झालं), आणि तसं प्रमाण हवेत ऑक्सिजन नव्हता तेव्हाच, सूर्याच्या अतिनील किरणांनी बनायचं. म्हणजे सुमारे 245 कोटी वर्षांपूर्वीच्या आधी पृष्ठभागावर असलेलं काहीतरी खाली जाऊन, तिथे मुरून, फक्त 2 कोटी वर्षांपूर्वी बाहेर आलं. विचार करा.

आपल्याकडे मात्र गोष्ट गुंतागुंतीची आहे, आणि इथेच घाईने निष्कर्ष काढू नये असं मला मनापासून वाटतं. रुबिडियम-87 हळूहळू स्ट्रॉन्शियम-87 होतो आणि जुन्या खंडीय खडकांत रुबिडियम जास्त, म्हणून त्यांच्यात स्ट्रॉन्शियम-87 चं 86 शी गुणोत्तरही चढं असतं. सह्याद्रीतल्या आंबेनळी नावाच्या लाव्याच्या थरांत ते 0.704 च्या आसपास आहे, तर बुशेच्या थरांत 0.713 च्या वर जातं. पण हा आकडा चढला म्हणजे खोल गाडलेला गाळ परत आला असंच काही नाही, कारण लावा वर येताना वाटेतलाच जुना खडक विरघळवूनही तो चढतो, म्हणून निओडिमियम आणि शिशाचे आयसोटोप एकाच नमुन्यात सोबत बघावे लागतात.

नमुना घ्यायचा तर दगडाची बाहेरची तांबूस साल फोडून आतला करडा-काळा ताजा भाग घ्यावा लागतो, झिओलाइट भरलेल्या पोकळ्या टाळायच्या, कारण ते खनिज नंतर पाण्यातून आलेलं असतं. मग दळायचं, आम्लात विरघळवायचं, हवं ते मूलद्रव्य वेगळं करायचं आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायचं. आपल्या तापी खोऱ्यातल्या डाईकचे असेच आकडे सह्याद्रीच्या थरांशी ताडून बघितलेत, कुठल्या भेगेतला लावा कुठल्या थरात गेला हे शोधायला.