लाल कंदील हा आयोजकांचा पुरस्कार नव्हे

‘टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या सायकलपटूला आयोजक लाल कंदील देऊन गौरवतात’, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. वास्तविक आगगाडीच्या मागच्या दिव्यावरून पडलेले ते टोपणनाव आहे. छायाचित्रांसाठी हाती कंदील दिला गेल्याने गैरसमज होणे स्वाभाविकच. उलट, 1980 मध्ये काही टप्प्यांनंतर एकूण क्रमवारीतील शेवटच्याला बाद करण्याचा नियमच आयोजकांनी लावला होता. इटलीच्या जिरो या सायकल शर्यतीत मात्र 1946 ते 1951 या काळात शेवटच्यासाठी काळी जर्सी खरोखरच होती, आणि ती मिळवण्यासाठी स्पर्धक वाटेत लपून मुद्दाम वेळ दवडत (ही चुरसही काही कमी नव्हती!). पडताळणीसाठी शर्यतीच्या नियमावलीतील बक्षिसांचे प्रकरण पाहावे: तेथे पिवळी, हिरवी, ठिपक्यांची आणि पांढरी जर्सी आढळते, कंदील नाही.