इंदोऱ्यातलं मिलचं गाव

नागपुरात इंदोरा चौकात मेट्रोतून उतरलं की समोर कामठी रोडची गर्दी, दुकानांच्या पाट्या, ऑटोवाले, आणि थोडं आत गेलं की बेझनबाग. हे नाव रोज तोंडात असतं पण ते एम्प्रेस मिल या कापडगिरणीचे मॅनेजर बेझनजी मेहता यांच्यावरून पडलंय हे नवीन पोरांना सांगावं लागतं, आणि याच पट्ट्यात मिलने कामगारांसाठी एक आख्खं 'मॉडेल व्हिलेज' वसवलं होतं हे तर सांगूनही पटत नाही. म्हणून थोडं मागून सांगते.

जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून नागपूर का, तर कापूस इकडचा, वर्धा-हिंगणघाट जवळ, कोळसा वरोऱ्याचा आणि रेल्वे १८६७ लाच आलेली. जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची दलदलीची, भर घालून पक्की केली.

मशीन आल्या, पण माणसं टिकेनात. बारा-बारा तास भोंग्यावर चालायची सवय कोणाला होती? पेरणी आली, लग्न निघालं की माणूस गावी. सुरुवातीला रोज जवळपास पाचवा हिस्सा कामगार गैरहजर असायचे असं सांगतात. आणि पहिल्याच वर्षी, १८७७ मध्येच, मजुरीच्या दरावरून विणकरांनी संप केला, देशातल्या नोंद असलेल्या अगदी पहिल्या संपांपैकी तो एक, आणि तो आपल्या नागपुरातला. जमशेटजींनी कामगारांसाठी जे केलं ते या पार्श्वभूमीवर बघितलं पाहिजे. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ पासून अपघात झाला तर भरपाई, आणि हे सरकारी कायद्याच्या किती आधी, तर भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये! मनात कळकळ होती हे मी मानते, पण हिशोबही होता, टिकलेला कामगार म्हणजे टिकलेलं प्रोडक्शन.

राहायचं काय, हा प्रश्न मात्र कितीतरी वर्षं तसाच होता. ताट्याच्या, मातीच्या झोपड्या, भाडं घेणारा मालक वेगळा, नाली नाही, पाणी लांबून. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांतात घरंच्या घरं रिकामी केली. इंदोऱ्याचं मॉडेल व्हिलेज उभं राहिलं ते त्यानंतरच्या वर्षांत. रस्ते आखलेले, प्लॉट पाडलेले, प्लॉटचा मोठा भाग मोकळा ठेवायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर कामगाराने स्वतःच बांधायचं, मिल कर्ज देणार, ते हप्त्याने फेडायचं. शाळा, दवापाणी, खेळ हे वेल्फेअरचं काम वायएमसीए या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेकडे होतं.

हा फरक लहान नाही. इंग्लंडमध्ये टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने १८५३ पासून कामगारांसाठी सॉल्टेअर हे गाव वसवलं, घरं दगडी, छान, पण मालकाची, गावात दारूचं दुकान चालणार नाही हेही मालकानेच ठरवलेलं. अमेरिकेत रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमनने १८९४ च्या सुमारास आपल्या कामगार-गावात मजुरी कापली आणि घरभाडं तेवढंच ठेवलं, तेव्हा केवढा संप पेटला. घर मालकाचं असलं की नोकरी गेली म्हणजे छप्परही गेलं. इंदोऱ्यात हप्ता फिटला की घर तुमचं. अर्थात फिटेपर्यंत माणूस बांधलेलाच, हप्त्याचं ओझं असलेला माणूस संपावर जाताना दहादा विचार करणार, बाई घरी तेलमिठाचा हिशोब लावणार.

माझी आजी अशाच एका घरात नांदायला आली. दोन खोल्या, वर कवेलू, मागे सांदवाडी म्हणजे घरामागचं आवार, तिथे कडुनिंब. तिला सगळ्यात कौतुक होतं ते सांदवाडीचं, कारण आंघोळीला आडोसा होता. आधीच्या वस्तीत बायका अंधार असतानाच आंघोळ उरकायच्या, हे ती शेवटपर्यंत सांगायची.

पण जात काही प्लॉटच्या आखणीने गेली नाही. मागात धोट्यातला (आडवा धागा नेणाऱ्या नळीतला) धागा तोंडाने ओढावा लागायचा, त्याचा विटाळ मानून सवर्ण विणकर अस्पृश्यांना विणकाम खात्यात येऊ देत नसत, आणि पैसा त्याच खात्यात जास्त. मुंबईत १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. नागपुरातही महार कामगार जास्त करून कताईतच. राहायला चांगलं घर आणि कामावर तीच जुनी रेघ, हे दोन्ही एकाच वेळी होतं. म्हणून इंदोरा पुढे जे झालं, आंबेडकरी चळवळीचा गड, त्याचं श्रेय मी मिलला देणार नाही. शाळा मिलने दिली असेल, पोरींना शाळेत पाठवायची जिद्द बाबासाहेबांनी दिली. फक्त महिन्याचा पगार आणि पायाखाली स्वतःची जमीन असली की ती जिद्द टिकवणं सोपं जातं, एवढं खरं.

१९८६ मध्ये मिल सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली, आता त्या जागेवर मॉल आहे. इंदोऱ्यातली बरीचशी कवेलूची घरं जाऊन स्लॅब आले. आमच्याही घरावर स्लॅब आहे, वर दोन माळे चढलेत. कडुनिंब मात्र तोडू दिला नाही आजीने, जिन्याची जागा त्याच्यासाठी वळवून घेतली.