ड्रॅग शर्यत : सुरक्षितता व पर्यायी इंधने

उभ्या अवस्थेतून एकाच वेळी सुटणाऱ्या दोन वाहनांची, सरळ पट्ट्यावरील ठरावीक अंतराची शर्यत. रूढ अंतर पाव मैल म्हणजे १,३२० फूट (सु. ४०२ मी.). वळणे नसल्याने कस लागतो तो प्रवेगाचा आणि सुटण्याच्या क्षणी दाखविलेल्या तत्परतेचा.

उगमाविषयी एकमत नाही. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात म्यूरॉक व एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या तळांवर दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून वेगाच्या चाचण्या होत. १९३७ मध्ये स्थापन झालेली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन त्यांचे नियमन करी. मात्र तेथे मोजला जाई तो कमाल वेग, सुटण्याचा क्षण गौण असे. त्यामुळे हा खेळ थेट तेथवर नेणे ओढूनताणून वाटते. काही लेखक १९४९ मध्ये सँटा बार्बराजवळील गोलीटा येथे झालेल्या लढतीला पहिला मान देतात. सी. जे. हार्ट यांनी १९५० मध्ये सँटा ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर सुरू केलेल्या शर्यती नियमित भरत आणि वेळेची नोंदही ठेवली जाई. खेळाचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक होय. ‘ड्रॅग’ या शब्दाची व्युत्पत्तीही वादग्रस्त आहे. गावातील हमरस्त्याला अमेरिकी बोलीत हा शब्द होता, तर काहींच्या मते गिअर न बदलता एंजिन ताणण्याशी त्याचा संबंध आहे. पहिले मत अधिक संभाव्य दिसते.

वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) स्थापन केली. रस्त्यावर रंगणाऱ्या चोरट्या शर्यती पट्टीवर आणणे हा तिचा एक हेतू होता. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे झाली.

सुरक्षिततेचे नियम बहुतांशी इंधनामागून आले. या शर्यतींत वापरल्या जाणाऱ्या नायट्रोमिथेन या द्रव इंधनाच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किग्रॅ. पेट्रोल जाळण्यास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते, तर नायट्रोमिथेनला सु. १·७ किग्रॅ. पुरते. त्याचे उष्णतामूल्य पेट्रोलच्या सु. चौथ्या हिश्श्याइतकेच, पण तेवढ्याच हवेत आठपटींहून अधिक इंधन जळत असल्याने एकूण ऊर्जा दुपटीच्या वर जाते. धोकाही येथेच आहे. ठिणगी चुकली, तर न जळलेले द्रव सिलिंडरात साचते; ते दाबले जात नाही, दट्ट्या त्यावर आदळतो आणि एंजिन फुटते. एनएचआरएने १९५७ मध्ये या इंधनावर बंदी घातली, पण १९६३-६४ च्या सुमारास ती उठली. आज सर्वोच्च गटात त्याचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत असते व उरलेला भाग मिथेनॉलचा. मिथेनॉलची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसत नाही.

जुन्या ड्रॅगस्टरमध्ये (या शर्यतीसाठीच बांधलेल्या वाहनात) चालक एंजिनाच्या मागे, गिअरपेटीला दोन्ही पायांत घेऊन बसे. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचजवळील लायन्स पट्टीवर चालक डॉन गार्लिट्स यांची गिअरपेटी फुटली आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. त्यानंतर त्यांनी एंजिन चालकाच्या मागे नेले व १९७१ मध्ये त्या रचनेवर शर्यत जिंकली. काही वर्षांत पुढे एंजिन असलेला ड्रॅगस्टर वरच्या गटातून बाद झाला.

जून २००८ मध्ये इंगलिशटाऊन (न्यू जर्सी) येथे एंजिन फुटून चालक स्कॉट कलिटा यांचा मृत्यू झाला. वाहन थांबविणाऱ्या हवाई छत्र्यांनाही इजा झाल्याने वाहन वेळेत मंदावले नाही. पुढच्याच महिन्यात नायट्रोमिथेन गटांचे अंतर १,००० फुटांवर (सु. ३०५ मी.) आणले गेले. साहजिकच ‘पाव मैल’ ही व्याख्या खेळाच्या सर्वांत वेगवान गटाला आज लागू पडत नाही, तरी ती सर्रास तशीच दिली जाते. या गटातील चालकाचा पोशाख (शर्यतीच्या सुरक्षा साधनांची मानके ठरविणाऱ्या एसएफआय या अमेरिकी संस्थेचे मानक ३·२ए/२०) दुसऱ्या दर्जाची भाजणी सु. ४० सेकंद लांबवतो; साध्या ३·२ए/५ पोशाखाची मुदत सु. १० सेकंदच.

पर्यायी इंधनांचा प्रयोग नवा नाही. १९७० च्या दशकात तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडवरील अग्निबाण-मोटारी धावल्या. किटी ओनील यांनी १९७७ मध्ये ३·२२ सेकंदांत पाव मैल कापल्याचे सांगतात, पण ही नोंद अधिकृत मानली जात नाही.

विजेच्या बाबतीत अडचण ऊर्जेची नसून शक्तीची आहे. १,००० किग्रॅ. वाहन ताशी ३०० किमी. वेगास नेण्यास, घर्षण व इतर व्यय वगळता, सु. १ किलोवॉट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरील एक युनिट वीज पुरते. मात्र हे एक युनिट सात सेकंदांत चाकांपर्यंत पोचवायचे, तर सरासरी सु. ५०० किलोवॉट शक्ती हवी. गार्लिट्स यांनीच वयाच्या ८२ व्या वर्षी, २०१४ मध्ये, विजेच्या ड्रॅगस्टरवर ताशी १८४ मैल (सु. २९६ किमी.) वेग गाठला. स्टीव्ह हफ यांनी २०२० मध्ये २०० मैलांचा टप्पा ओलांडला. नायट्रोमिथेनवरील वाहने ३३० मैलांच्या पुढे जातात, हे ध्यानात घेता अंतर अजून बरेच आहे.

नियमांची खरी कोंडी झाली ती दुकानातून घेतलेल्या मोटारींमुळे. दहा सेकंदांच्या आत धावणाऱ्या वाहनाला पोलादी संरक्षक पिंजरा हवा, असा जुना दंडक होता. २०२१ ची टेस्ला मॉडेल एस प्लेड सु. ९·२ सेकंदांत पाव मैल कापू लागली, तीही मागच्या आसनांसह व पिंजऱ्याविना. एनएचआरएने अलीकडच्या कारखानी मोटारींसाठी मर्यादा ९ सेकंदांपर्यंत सैल केली. त्यानंतर ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत एथेनॉल) इंधनावर १,०२५ अश्वशक्ती देणारी डॉज डेमन १७० ही मोटार २०२३ मध्ये ८·९१ सेकंदांची नोंद घेऊन आली आणि तीही मर्यादा मोडली.

विजेच्या वाहनाचा अपघात बचाव पथकाला वेगळाच पेच घालतो. एंजिन बंद पडले की धोका कमी झाला, हे कानांना कळते. बॅटरीत मात्र विद्युत् दाब कायम असतो आणि वाहन निःशब्द असते. इजा झालेली लिथियम-आयन बॅटरी विझल्यावर काही तासांनीही पुन्हा पेटू शकते. म्हणून विद्युत्‌रोधक हातमोजे, बाहेरून हाती लागेल असा मुख्य खटका आणि वाहन मोकळ्या जागी वेगळे ठेवणे यांवर भर असतो.

भारतात लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. सँटा ॲनाप्रमाणे येथेही पट्टी विमानांचीच.