पहिल्या स्टुडिओ अल्बममागची खोली

सोलापुरातला एखादा इलेक्ट्रॉनिक बँड ‘आमचा पहिला स्टुडिओ अल्बम’ म्हणतो, तेव्हा तो स्टुडिओ बहुतेक वेळा घरातली वरची खोली असते. दहा बाय दहा, वर स्लॅब, एक पंखा. यात कमीपणा काहीच नाही. स्टुडिओ अल्बम म्हणजे कार्यक्रमात वाजवताना केलेले ध्वनिमुद्रण नव्हे आणि जुन्या गाण्यांचे संकलनही नव्हे. अल्बम म्हणूनच रचलेली, थरावर थर चढवून मुद्रित केलेली गाणी. ती कुठे बसून केली, हे व्याख्येत येत नाही. आवाजात मात्र ते पुरेपूर उतरते.

सुरुवातीला हे संगीत संस्थांच्या आवारात होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे यंत्र, बसवला. गीता साराभाईंसारख्यांनी तिथे केलेल्या रचना पुढे पन्नासेक वर्षे कपाटातच राहिल्या. मग यंत्रे सुटी विकत मिळू लागली. रोलँडचे ८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये आले. मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी ८०८, त्याच कंपनीचे ३०३ हे बेसयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एवढ्यावर १९८२ मध्ये दहा रागांचा डिस्को अल्बम केला. तेव्हा त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभर ऐकला गेला. १९८३ मध्ये मिडी ही यंत्रांची सामाईक भाषा आली, तेव्हापासून एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीचे यंत्र वाजवू शकतो. २००१ मध्ये एबलटन लाइव्ह हे संगीत रचण्याचे सॉफ्टवेअर आले, २००२ मध्ये दिल्लीच्या मिडिवल पंडित्झ या जोडीचा पहिला अल्बम. तोवर सगळा स्टुडिओ लॅपटॉपमध्ये मावू लागला होता.

सोलापूरच्या कानांना हे आवाज परके नव्हतेच. मिरवणुकीतला बँजो आणि ऑर्केस्ट्रातला ऑक्टापॅड इथल्या गल्लीबोळांत मुरलेले आहेत. पण आमच्या मते इथला खरा दुवा माग आहे. जॅकार्डच्या मागावर पुठ्ठ्यांची माळ फिरते. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. जिथे भोक तिथे उभा धागा उचलला जातो, जिथे भोक नाही तिथे तो खाली राहतो. ८०८ च्या सोळा बटणांचे तत्त्व हेच: बटण पेटले तर ठोका, विझले तर शांतता. मधला टप्पाही इतिहासात आहे. १९५७ मध्ये न्यूयॉर्कला बसवलेला आरसीए या अमेरिकी कंपनीचा सिंथेसायझर भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर चालत असे. चादरीवरचा मोर आणि गाण्यातला ताल एकाच रीतीने लिहिता येतात, ही गोष्ट सोलापुरात कुणाला समजावून सांगावी लागू नये.

म्हणूनच इथल्या बँडना मागाचा आवाज गाण्यात घ्यावासा वाटतो. त्यात दोन ठिकाणी हमखास चुकते. कारखान्यात फोनवर ध्वनिमुद्रण केले की फोन आपोआप पातळी खाली-वर करतो आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा ‘खट्’ चपटा होतो. ही सोय बंद करावी किंवा साधा डायनॅमिक माइक आणि रेकॉर्डर न्यावा. ध्वनिमुद्रण २४ बिटचे, सर्वांत मोठा ठोका कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली, म्हणजे उणे १२ च्या आसपास. कानात बोळे हवेतच. दुसरी चूक म्हणजे माग घड्याळासारखा चालतो असे धरणे. पट्टा घसरतो, व्होल्टेज पडते, वेग हलतो. चार मिनिटांचा सलग तुकडा मिनिटाला १२० ठोक्यांच्या तालावर ठेवला, तर मिनिटभरात तो सुटतो. एकेक ठोका कापून घ्यावा आणि सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या चौकटीवर (ग्रिडवर) बसवावा. जिथे हेलकावा हवा असेल, तिथेच सलग तुकडा ठेवावा.

आता खोली. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सर्वांत खालचा स्वर घुमतो तो ५७ हर्ट्झच्या आसपास. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहा फूट असतील, तर तिन्ही दिशांना तोच आकडा येतो आणि घुमणे एकमेकांवर चढते. नेमके याच पट्टीत ८०८ ची किक, म्हणजे ढोलासारखा खालचा ठोका, आणि ५५ हर्ट्झचा बेसचा स्वर असतो. भिंतीला खेटून बसले की हा स्वर फुगलेला ऐकू येतो, खोलीच्या मधोमध तो जवळपास नाहीसा होतो. मध्ये बसून मिक्स करणारा बेस वाढवत नेतो आणि तेच गाणे गाडीत लावले की दारे थरथरतात. भिंतीजवळ बसणाऱ्याचे उलटे होते. त्याचा अल्बम बाहेर पोकळ वाजतो. पहिल्या अल्बममध्ये बेस बिघडतो तो बहुधा असा, कान कच्चे म्हणून नव्हे. समोरच्या भिंतीपासून सुमारे पावणेचार फुटांवर बसून पाहावे.

यावर उपाय म्हणून भिंतींना सोलापुरी चादरी लावल्या जातात. घडी घालून, भिंतीपासून चार इंच सोडून टांगल्या तर टाळीचा खणखणाट जातो. पण भिंतीपासूनचे अंतर ध्वनिलहरीच्या लांबीच्या पाव भागाएवढे लागते, म्हणून चार इंचांवर त्यांचे काम सुमारे ८५० हर्ट्झच्या वरचे. ५७ हर्ट्झला त्याच हिशेबाने पाच फुटांचे अंतर लागेल. त्यामुळे चारही भिंती चादरींनी झाकल्या की वरचा आवाज मरतो आणि खालचा तसाच घुमत राहतो. खोली आणखी वाईट होते. दोन बाजूंच्या भिंती झाकाव्यात, कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) जाड गठ्ठे उभे करावेत. रॉकवूल परवडत नसेल तर कापसाच्या जुन्या गाद्या, अर्थात त्यांचा गुण कमी. खालच्या दोन सप्तकांचा निर्णय हेडफोनवर घ्यावा.

किकखाली सतत गुणगुण असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावे. बॅटरीवर ती थांबली, तर दोष अर्थिंगचा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ही गुणगुण थेट बेसमध्ये मिसळते आणि मागाहून निघत नाही.

बँडमधले निम्मे पुण्याला नोकरीत, निम्मे इथे, हेही आता नेहमीचे. या रीतीलाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या द पोस्टल सर्व्हिसचा २००३ चा पहिला अल्बम लॉस एंजेलिस आणि सिअॅटल यांच्यात टपालाने टेपा पाठवत झाला, नावही त्यावरूनच. आज टेपांऐवजी फाइल जातात. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून सुरू करून वेव्ह फाइलमध्ये काढावा आणि फाइलच्या नावात ताल व सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) लिहावा. ४८ हजारची फाइल ४४.१ हजार समजून उघडली, तर तीन मिनिटांचे गाणे तीन मिनिटे सोळा सेकंदांचे होते आणि जवळपास दीड अर्धस्वराने उतरते. गायक त्या उतरलेल्या पट्टीवरच गाऊन पाठवतो आणि गाणे जोडायला बसेपर्यंत ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.