उपवासाची चक्कर: पाणी कमी की साखर कमी?

हरतालिकेची दुपार. सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नाही, आणि उद्या गणपती येणार म्हणून ओट्यापाशी उभं राहून तयारी चाललेली. अशात घरातली कोणी ‘गरगरतंय गं’ म्हणत खाली बसली, की बाकीचे लगेच डॉक्टर होतात. सासूबाईंच्या मते पित्त, नणंदेच्या मते बीपी लो, आणि मुलगा साखरेचा डबा घेऊन धावत येतो. तिघेही अंदाजच बांधत असतात.

पित्त होतच नाही असं नाही. रिकाम्या पोटी जळजळ होते, मळमळतं. पण उपवासात डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा बऱ्याचदा दोनांपैकी एक गोष्ट घडलेली असते: अंगातलं पाणी कमी झालेलं असतं किंवा रक्तातली साखर उतरलेली असते. डोकं दोन्हींत दुखतं, गळून दोन्हींत जातं, चिडचिडही दोन्हींत होते. उपाय मात्र वेगळे आहेत.

मुलाच्या साखरेच्या डब्यापासूनच सुरुवात करू. मधुमेह नसलेल्या धडधाकट माणसाची साखर एका दिवसाच्या उपवासाने सहसा धोक्याइतकी उतरत नाही. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवलेलं असतं, त्यावर रात्र आणि दिवसाचा बराच भाग निघतो. ते सरत आलं की यकृत स्वतःच नवी साखर बनवायला घेतं. त्यामुळे कसलंही औषध न घेणारी तिशी-चाळिशीतली बाई हरतालिकेला गरगरून बसली, तर आधी पाण्याचा विचार करावा.

पाण्याची अशी सोय शरीराकडे नाही. काही न करता नुसतं बसून राहिलं तरी २४ तासांत श्वासातून आणि त्वचेतून पाऊण लिटरच्या आसपास पाणी जातं. मूत्रपिंडांनी कितीही काटकसर केली तरी अर्धा लिटर लघवी करावीच लागते. म्हणजे घाम धरलाच नाही तरी सव्वा लिटर गेलं. ६० किलोच्या माणसाच्या वजनाच्या हे २ टक्के होतात, आणि साधारण तिथपासून डोकं जड होणं, लक्ष न लागणं सुरू होतं. वर मोदकांच्या वाफेपाशी उभं राहायचं असेल तर हिशेब आणखी बिघडतो.

पाणी चालणाऱ्या उपवासात तरी सगळं ठीक असावं ना? तिथेही कमी पडतं, आणि ते लक्षातही येत नाही. रोज शरीरात जाणाऱ्या पाण्याचा पाचवा हिस्सा तरी जेवणातून येतो. आमटी-भात, पालेभाजी, ताक यांवर चालणाऱ्या घरात तर जास्तच. एकादशीला हे सगळं बंद होतं आणि ताटात येते साबुदाण्याची कोरडी खिचडी, तळलेले वडे, बटाट्याचे खारे वेफर्स. जेवताना आपसूक प्यायले जाणारे दोन-तीन पेलेही गळतात. खिचडीचा आपण उगाच फार मान राखतो असं मला वाटतं. भगर आणि वर दाण्याची पातळ आमटी, सोबत काकडी किंवा ताक (ज्यांच्याकडे चालतं त्यांनी), यात कितीतरी जास्त पाणी आहे. मिठाचं म्हणाल, तर सैंधवसुद्धा मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. लिंबाच्या सरबतात चिमूटभर घातलं तर घामातून गेलेलं थोडंफार भरून निघतं.

चहाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. चहाने अंगातलं पाणी उडतं असं म्हणतात, पण रोज पिणाऱ्याला चहातलं बहुतेक पाणी मिळतंच. निर्जळी उपवासात त्रास होतो तो चहा तुटल्याचा. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत कॅफीनच्या सवयीचं डोकं दुखू लागतं. त्याचा पाण्याशीही संबंध नाही आणि साखरेशीही. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्यांनी आधीच्या चार दिवसांत एकेक कप कमी केला, तर ‘पित्ताची’ निम्मी डोकेदुखी टळेल.

आता दोन्ही ओळखायच्या कशा ते पाहू. पाणी कमी होणं हळूहळू येतं. तोंड कोरडं पडतं, ओठ चिकटतात, लघवी कमी आणि गडद होते (बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंगावर भरवसा ठेवू नये). सगळ्यात मोठी खूण म्हणजे बसल्याचं उठताना गरगरतं आणि आडवं झालं की बरं वाटतं. साखर उतरते ती पटकन, कधी काही मिनिटांत. हात थरथरतात, छातीत धडधडतं, थंड घाम सुटतो, अचानक भुकेने जीव कासावीस होतो, बोलणं असंबद्ध होतं. आडवं होऊन यातलं काही थांबत नाही. पाणी कमी पडलेल्या माणसाला उलट दरदरून घाम सहसा सुटत नाही, उन्हात किंवा चुलीपाशी असेल तर गोष्ट वेगळी.

खरी गल्लत होते ती मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाहीत, साखर खाली आणतातच. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं क्वचित होतं. त्यात अनेकांना बीपीसाठी मेटोप्रोलोल किंवा अटेनोलोल चालू असतं. ही औषधं धडधड आणि थरथर झाकून टाकतात, घाम तेवढा उरतो. म्हणजे साखर उतरलेला माणूसही नुसता गळून गेलेला, पाणी कमी पडलेला दिसू शकतो. बीपीची लघवी वाढवणारी गोळी असेल तर दोन्ही एकाच दुपारी होऊ शकतं.

इथे अंदाज बांधत न बसता ग्लुकोमीटर काढावा. बोट आधी साबणाने धुवावं, कारण उपवासाला हाताला केळ्याचा, खजुराचा अंश लागलेला असतो आणि आकडा खोटाच वर दिसतो. रमजानच्या रोज्यांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे: साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा सोडायचा. तपासणीने रोजा मोडत नाही हेही त्यात आहे. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत रात्री नऊपर्यंत थांबणाऱ्या मधुमेही माणसाने हेच आकडे धरायला काय हरकत आहे?

७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं, अजून कमीच असेल तर पुन्हा द्यावी. शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की नको, त्यातल्या तेलामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. बरं वाटल्यावर मात्र नीट खायलाच हवं, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर तासन्‌तास टिकतो आणि साखर परत घसरते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. साखर ठीक असेल आणि पाणीच कमी असेल, तर पाय उंच करून आडवं करावं, घोटघोट पाणी किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी द्यावं. मधुमेही असेल तर त्यात साखर नको. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून पिणाऱ्यांनी मात्र उपवासाआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

अजून एक गुंता आहे. साखर फार चढली तरी पाणी कमी होतं. साबुदाणा, बटाटा, रताळं एकदम पोटात गेलं की मधुमेही माणसाची साखर उसळते, ती लघवीतून बाहेर पडताना पाणी सोबत नेते. तहान लागते, पुन्हापुन्हा बाथरूमला जावं लागतं, आणि घरचे म्हणतात, ‘काही खाल्लं नाहीस, साखर उतरली असेल, गोड खा.’

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या तर मुद्दामच साखर लघवीतून काढतात, त्यामुळे पाणीही जास्त जातं. गेल्या काही वर्षांत या गोळ्या स्वस्त झाल्या आणि बऱ्याच घरांतल्या औषधांच्या डब्यात आल्या. त्या घेऊन कडक उपवास केला तर रक्तात किटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) साचू शकतात, आणि फसवं असं की तेव्हा साखर फारशी चढलेली नसते. म्हणून या गोळीचं काय करायचं ते उपवासाच्या काही दिवस आधीच डॉक्टरांशी ठरवावं. गोळी चालू असताना उपवासात उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली, तर मीटरवर १६० दिसतंय म्हणून घरी थांबू नये. रक्तातले किटोन तपासण्यासाठी रुग्णालय गाठावं आणि गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी.