चेनचा लॉक: ‘माशा’पासून क्विक लिंकपर्यंत

नाशिकमधील सायकल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन ‘चेनचा लॉक द्या’ एवढेच सांगितले, तर मिस्त्री आधी सायकल साधी की गियरची ते विचारतो आणि गियरची असल्यास मागे किती गियर आहेत, हेही विचारतो. लॉक हा एकच शब्द येथे दोन निराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. त्यांपैकी एक बाजारातून कधीच गेली नाही. दुसरी येण्यापूर्वी मात्र गियरच्या सायकलींनी बराच काळ लॉकशिवाय काढला.

आजची चेन मुळात हान्स रेनॉल्ड या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमधील मँचेस्टर येथे स्थायिक झालेल्या अभियंत्याची. त्याने १८८० मध्ये बुश, म्हणजे पिनभोवतीची छोटी नळी, असलेल्या रोलर चेनचे पेटंट घेतले. त्याआधीच्या चेनमध्ये पिनचा सगळा भार पत्तीच्या पातळ कडेवर येई आणि भोक लवकर झिजे. रेनॉल्डने पिनभोवती बुश आणि बुशभोवती मोकळा फिरणारा रोलर बसवल्यामुळे तो भार पिनच्या लांबीवर पसरला. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल आली आणि मागचे चाक चेनने फिरवण्याची पद्धत रूढ झाली. काही काळ एक इंच अंतराच्या ठोकळेवजा कड्यांच्या चेनही वापरात होत्या, पण शेवटी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, हे दोन पिनांमधील अंतर प्रमाण ठरले. ते आजही तसेच आहे. बदलत गेली ती चेनची रुंदी, आणि लॉकचा पुढचा सगळा इतिहास या रुंदीशी बांधलेला आहे.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पहिल्या पाळीला निघालेले कामगार ज्या काळ्या, डबा लावलेल्या सायकलींवरून जात, त्यांच्या चेनला तीन भागांचा लॉक असे: दोन पिना बसवलेली एक पत्ती, वरून घालायची दुसरी मोकळी पत्ती आणि पिनांच्या खाचांत सरकवायची स्प्रिंगची क्लिप. ही क्लिप दिसते माशासारखी. तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवायचे, म्हणजे वरच्या बाजूच्या चेनवर मासा पुढे पोहताना दिसला पाहिजे. उलटा बसवला तर कशाला तरी अडकून क्लिप निघण्याची भीती असते. पेचकसाच्या टोकाने ती काढायला दहा सेकंदही लागत नाहीत. अशा चेनची आतली रुंदी एक अष्टमांश इंच असते आणि शेजारी दुसरे दातेरी चक्र नसल्यामुळे क्लिप थोडी बाहेर आली तरी बिघडत नाही.

गियरच्या सायकलीत नेमके हेच जमत नाही. तेथे चेन एका चक्रावरून शेजारच्या चक्रावर ढकलली जाते, ती बाजूला वाकते आणि डिरेलरच्या, म्हणजे चेन ढकलणाऱ्या यंत्रणेच्या, अरुंद पिंजऱ्यातून जाते. बाहेर आलेली क्लिप शेजारच्या चक्राला घासते किंवा वाकताना उडते. म्हणून या चेनमधून लॉक गेला आणि त्याच्या जागी चेन कटर आला. कटरने एक पिन दाबून जवळजवळ बाहेर काढायची आणि काम झाले की तीच परत आत दाबायची. पिन पूर्ण निसटली तर ती पुन्हा भोकात धरण्यासाठी लागणारा संयम सगळ्यांकडे नसतो. माझ्याकडे तर नाहीच.

चेन रुंद होती तोवर ही पद्धत चालली. मागचे गियर वाढले, पण चाकाजवळची जागा तेवढीच राहिली. आठ गियरच्या चेनची बाहेरची रुंदी सात मिलिमीटरच्या आसपास असते, तर बाराच्या चेनची सव्वापाचच्या आसपास. पत्तीबाहेर डोकावणारी पिनची टोके छाटली गेली आणि पकड टिकावी म्हणून ती कारखान्यात ठोकून पसरवली जाऊ लागली. असे पसरलेले टोक कटरने ढकलले की ते भोकाची कड खरवडत जाते आणि तीच पिन परत बसवल्यावर जोड कमकुवत राहतो. यावर सायकलचे भाग बनवणाऱ्या जपानच्या शिमानोने जोडणीसाठी वेगळी पिन दिली. तिच्या पुढच्या मार्गदर्शक टोकामुळे ती सरळ आत जाते आणि नंतर ते टोक पकडीने मोडून टाकायचे असते. उपाय पक्का होता, पण चेन प्रत्येक वेळी उघडताना नवी पिन लागे.

या अडचणीतून क्विक लिंक, म्हणजे दुकानातला दुसरा ‘लॉक’, पुढे आली. जर्मनीच्या सॅक्सचा सायकल विभाग अमेरिकेच्या स्रॅमने १९९७ मध्ये विकत घेतला आणि स्रॅमची ‘पॉवर लिंक’ जगभर पोहोचली. तैवानच्या केएमसीने ‘मिसिंग लिंक’ या नावाने आपली आणली. पिनवर ठाम राहिलेल्या शिमानोनेही पुढे अकरा गियरच्या चेनसाठी ती स्वीकारली.

हातात घेतली तर ही लिंक म्हणजे दोन सारखेच तुकडे असतात. प्रत्येकात एक पत्ती, तिच्या एका टोकाला पक्की पिन आणि दुसऱ्या टोकाला किल्लीच्या भोकासारखी खाच, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद. पिनच्या टोकाजवळ बारीक खोबण असते. रुंद भागातून पिन घालून चेन ताणली, की खोबण अरुंद भागात जाऊन बसते. पॅडल मारताना चेन ताणलेलीच असते. म्हणजे जो जोर चेन तोडू पाहतो, तोच लिंक बंद ठेवतो. माझ्या मते सगळ्या रचनेतील हुशारी एवढ्यातच आहे. बसवताना लिंक वरच्या बाजूला आणायची, मागचा ब्रेक दाबायचा आणि पॅडलवर भार द्यायचा. ‘टक्’ असा आवाज येतो. उघडताना दोन्ही पत्त्या एकमेकींकडे दाबत पिना जवळ आणाव्या लागतात. त्यासाठी खास पकड मिळते, आणि ती नसेल तर ब्रेकची जुनी वायर लिंकच्या दोन्ही बाजूंच्या रोलरभोवती ओवून ओढली तरी बहुधा भागते.

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. त्या सुमारास गंगापूर रोडवर सकाळी गियरच्या सायकली अधिक दिसू लागल्याचे मला आठवते. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरला जाऊन आले की चेनवर चिखल आणि तेल यांचा काळा लेप चढतो. रुंद तोंडाच्या बाटलीत रॉकेल घेऊन चेन आत सोडायची आणि हलवायची, हा उपाय लिंकमुळेच सोपा झाला. वाटेत पत्ती तुटली तर मात्र नुसती लिंक पुरत नाही: ती बाहेरच्या पत्त्यांची जागा घेते, म्हणून दोन्ही टोकांना आतल्या कड्या याव्यात यासाठी तुटलेला भाग काढावा लागतो आणि कटर पुन्हा लागतोच.

जुनी पॉवर लिंक कितीही वेळा उघडता येई. पण दहा आणि त्यापुढील गियरसाठीची ‘पॉवर लॉक’ एकदाच वापरावी, असे स्रॅम सांगते. पातळ पत्तीत खाचेची पकड धरून ठेवणारी कड फार लहान असते आणि प्रत्येक उघडझापीत ती झिजते. मिस्त्री गियर किती ते विचारतो, तेही रुंदीसाठीच. एका दुकानातून माझ्या दहाच्या चेनला नऊची लिंक मिळाली होती. ती बसली, पण पॅडलच्या दर अडीच-तीन फेऱ्यांमागे एकदा खडखड होई आणि अंजनेरीपर्यंत मी दोष डिरेलरला देत राहिलो.