फॅरेडेची काच आणि शॉटची काच: दुखणं एक नव्हतं

दुर्बिणीच्या इतिहासावर कुणी चार ओळी लिहिल्या की त्यात एक वाक्य हमखास येतं: भिंगांसाठी चांगली काच करायचा प्रयत्न मायकेल फॅरेडेनं केला, त्याला ते जमलं नाही आणि पन्नास वर्षांनी ऑटो शॉट या रसायनतज्ज्ञानं जर्मनीतल्या येना शहरात ते करून दाखवलं. जणू एकाच्या हातातली काठी दुसऱ्यानं घेतली आणि शर्यत पुरी केली. दोघांची त्या त्या काळातली पत्रं शेजारी ठेवली तर ही गोष्ट टिकत नाही. दोघं वेगवेगळ्या दुखण्यांवर औषध शोधत होते. फॅरेडेचं दुखणं तर शॉट भट्टीपाशी येईपर्यंत बरंही झालं होतं.

फॅरेडेची बाजू बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती झटपट उरकतो. १८२४ मध्ये रॉयल सोसायटी (ब्रिटनची विज्ञानसंस्था) आणि लॉन्गिट्यूड बोर्ड (समुद्रावर रेखांश काढण्याच्या कामासाठीचं सरकारी मंडळ) यांनी मिळून दुर्बिणीची काच सुधारायला समिती नेमली. पुढच्या वर्षी तिची तिघांची उपसमिती झाली. फॅरेडेनं काच करायची, जॉर्ज डॉलंडनं ती घासून भिंगं करायची, जॉन हर्शलनं ती तपासायची. १८२७ मध्ये फॅरेडे जिथं काम करायचा त्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच भट्टी बांधली, मदतीला सार्जंट अँडरसन आला. शिसं, बोरिक आम्ल आणि सिलिका यांची जड काच प्लॅटिनमच्या तबकात वितळवली जाई. १८२९ मध्ये त्यावर फॅरेडेचं बेकेरियन व्याख्यान (रॉयल सोसायटीचं मानाचं व्याख्यान) झालं. ४ जुलै १८३१ ला फॅरेडेनं सोसायटीचे सचिव रॉजेट यांना कळवलं की काच काही काळ बाजूला ठेवू द्या, मला माझ्या डोक्यातले विषय हाताळायचे आहेत. २९ ऑगस्टला त्याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन (बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होणं) सापडलं. समितीची कामं सोडून दिलेली बरी, असं वाटायला लावणारा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

त्याची तक्रार मुळात होती काचेतल्या शिरांबद्दल. फ्लिंट काचेत शिसं असतं. ते जड, म्हणून वितळलेल्या रसात खाली बसू पाहतं, आणि वरच्या थराचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वाकवते तो आकडा) खालच्यापेक्षा वेगळा होतो. साखरेचा पाक पाण्यात ओतल्यावर ज्या तारा लहरताना दिसतात, त्या थिजून काचेत कायमच्या राहिल्या असं समजा. अशा काचेच्या भिंगातून तारा बिंदूसारखा दिसणं अशक्य. फॅरेडेला काच हवी होती ती एकजिनसी.

आणि तिची युक्ती आधीच सापडलेली होती. गिनां नावाच्या स्विस कारागिरानं भाजलेल्या मातीच्या दांड्यानं रस ढवळायची रीत बसवली होती. बव्हेरियात बेनेडिक्टबॉयर्नला तो फ्राउनहोफर या भिंगतज्ज्ञाबरोबर काम करून गेला. लंडनमध्ये समिती नेमली जात होती त्याच १८२४ साली फ्राउनहोफरची २४ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण डोरपाटच्या (आजचं एस्टोनियातलं तार्तू) वेधशाळेत पोचली. पुढे बोंतां या फ्रेंच काचवाल्यानं ही विद्या १८४८ मध्ये बर्मिंगहॅमच्या चान्स कारखान्यात नेली. म्हणजे शॉटच्या जन्माआधीच (तो १८५१ चा) एकजिनसी काच पैसे मोजून मिळणारा माल झाला होता.

मग शॉटला काय हवं होतं? खरी गडबड इथं होते.

आधी एक किरकोळ गैरसमज दूर करू. अपवर्तनांक जास्त म्हणजे अपस्करण, म्हणजे रंग फाकणं, जास्तच असणार असं धरून चालतात. जुन्या काचांपुरतं ते बरंचसं खरं होतं, पण नियम म्हणून खोटं. क्राउन म्हणजे फ्लिंटच्या तुलनेत कमी रंग फाकवणारी काच. आजच्या एका बेरियम क्राउनचा अपवर्तनांक १.६०७ आहे आणि एका साध्या फ्लिंटचा १.६२०, जवळजवळ सारखेच. तरी फ्लिंट दीडपटीहून जास्त रंग फाकवते. ('फ्लिंट'चं 'गारगोटीची काच' केलेलं वाचलं की मी पान उलटतो. फ्लिंट फ्लिंटच राहू द्या.)

खरी मेख पुढे आहे. काच एकूण किती रंग फाकवते हा एक प्रश्न. तो फाकवलेला पट्टा कुठे ताणलेला आणि कुठे आखडलेला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एका आकड्यात येतं. दुसऱ्याचं येत नाही, आणि म्हणूनच लिहिणारे तो प्रश्न गाळतात.

तीनतालात दोन गायक घ्या. दोघंही समेवर अचूक येतात, पुढच्या समेवरही बरोबर भेटतात. पण मधे खालीच्या जागी एक अर्धी मात्रा पुढे आहे. नुसत्या समा मोजणारा म्हणेल, दोघं तालात आहेत. ऐकणाऱ्याला मात्र मधलं खटकतं. काचेत एक सम तांबडी, दुसरी निळी आणि खाली हिरवी-पिवळी. क्राउनचं बहिर्गोल भिंग आणि फ्लिंटचं अंतर्गोल भिंग जोडून तांबडा आणि निळा एका बिंदूवर आणता येतात. याला अॅक्रोमॅटिक जोडी म्हणतात, ती अठराव्या शतकापासून आहे. पण फ्लिंट आपला पट्टा निळ्या टोकाकडे क्राउनपेक्षा प्रमाणाबाहेर ताणते. त्यामुळे टोकं जुळली तरी मधला हिरवा-पिवळा जुळत नाही, तो थोडा अलीकडेच एकवटतो. ही उरलेली चूक नाभीय अंतराच्या साधारण दोनहजारांश असते. मीटरभर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत अर्धा मिलिमीटर. गुरूच्या किंवा चंद्राच्या कडेला दिसणारी जांभळी झालर ती हीच.

ही झालर शिरांमुळे येत नाही. काच कितीही निर्मळ आणि एकजिनसी करा, झालर जागच्या जागी. भिंगांचे वक्र बदलूनही ती फारशी हटत नाही, कारण ती काचेच्या स्वभावात आहे. उपाय एकच: निळ्याकडे जास्त ताणणारी क्राउन किंवा कमी ताणणारी फ्लिंट. तशी काच बाजारात नव्हती.

या प्रश्नावरचा पत्रव्यवहार शॉटच्या आधी झाला होता, पण तो फॅरेडेचा नव्हता. विल्यम व्हर्नन हारकोर्ट हा इंग्लंडमधला पाद्री, ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या संस्थापकांपैकी. १८३४ पासून तो फॉस्फेट, बोरेट, टायटॅनिक आम्ल घालून काचा वितळवत होता. १८६२ पासून त्याला केंब्रिजचे भौतिकतज्ज्ञ जॉर्ज स्टोक्स मिळाले. हारकोर्टनं आपल्या काचांचे लोलक (प्रिझम) धाडायचे, स्टोक्सनी मोजून पुढची दिशा सांगायची, असं हारकोर्ट १८७१ मध्ये जाईपर्यंत चाललं. निष्कर्ष नेमका होता: टायटॅनिक आम्ल निळं टोक ताणतं, बोरिक आम्ल ते आखडतं. म्हणजे पहिलं क्राउनमध्ये हवं, दुसरं फ्लिंटमध्ये. तरी काचा व्यवहारात उतरल्या नाहीत. अनेकांत शिरा होत्या, आणि फॉस्फेटच्या काचा हवेतला ओलावा ओढून पाझरत. मला या दोघांबद्दल फॅरेडेपेक्षा जास्त आपुलकी वाटते, आणि नेमके तेच वगळले जातात.

२७ मे १८७९ ला जर्मनीतल्या विटेनहून शॉटनं येनाचे भौतिकतज्ज्ञ, झाइसच्या सूक्ष्मदर्शक कारखान्यातले अर्न्स्ट आबे यांना पत्र लिहिलं: लिथियम घालून काच केली आहे, तपासाल का? सूक्ष्मदर्शकाची पुढची प्रगती आता काचेच्या रसायनावर अवलंबून आहे, असं आबे आदल्याच वर्षी छापून मोकळे झाले होते. लिथियमनं हवं ते दिलं नाही. मग मूलद्रव्यामागून मूलद्रव्य, छोट्या मुशीतल्या नमुन्यांची टपाल सुरू झाली आणि बोरिक आणि फॉस्फोरिक आम्लांनी वाट दाखवली. १८८२ मध्ये शॉट येनाला राहायला गेला, १८८४ मध्ये झाइस पितापुत्रांसह काचेची प्रयोगशाळा उभी राहिली. १८८६ च्या पहिल्या दरपत्रकात ४४ काचा होत्या. त्याच वर्षी झाइसचे अॅपोक्रोमॅटिक (ही उरलेली झालरही जवळजवळ घालवणारे) सूक्ष्मदर्शक आले, आणि त्यांतही काचेच्या जोडीला फ्लोराइटचे नैसर्गिक स्फटिक वापरावे लागले. फॉस्फेटच्या काही काचा हवेत टिकेनात, त्या पुढे मागे घेतल्या. हारकोर्टची जुनी पीडा येनालाही चुकली नाही.

गोंधळाला थोडं निमित्त आहे, ते मान्य करतो. फॅरेडेच्या काचेतही बोरिक आम्ल होतंच. पण ते कुठल्या टोकाला काय करतं हे पाहायला त्यानं घातलं नव्हतं. त्याला सहज वितळणारी, सगळीकडे सारखी काच हवी होती. त्या काचेचा एक तुकडा खणात राहिला. १३ सप्टेंबर १८४५ ला फॅरेडेनं तो चुंबकाच्या ध्रुवांपाशी ठेवला आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरणाचं प्रतल (प्रकाशलहरी ज्या पातळीत कंप पावतात ती पातळी) फिरलेलं पाहिलं.

शॉटच्या त्या दरपत्रकात अपवर्तनांक आणि एकूण अपस्करण यांच्या शेजारी पट्ट्याच्या तुकड्यांचं अपस्करण वेगवेगळं छापलेलं होतं. आजही काचेच्या यादीत ते रकाने असतात. 'ईडी' (फार कमी अपस्करणाची काच) लिहिलेली महागडी दुर्बीण घेण्याआधी भिंगांच्या काचांची नावं विचारा आणि तो रकाना बघा. दुकानदार अपवर्तनांक सांगू लागला तर पुढच्या दुकानात जा.